एल४-एल५ मध्ये सायनोव्हियल सिस्ट : नुसती गाठ काढायची की स्क्रूही टाकायचे?

इंद्रायणीकाठ
सासूबाईंसाठी विचारते आहे. वय ६६. चार महिन्यांपासून उजव्या कुल्ल्यातून कळ निघते. मांडीच्या बाहेरच्या बाजूने नडगीवर उतरते आणि पावलाच्या वरच्या भागातून अंगठ्यापर्यंत जाते. पाच-सात मिनिटं चाललं की थांबावं लागतं, बसल्यावर कमी होते.

एमआरआय रिपोर्टचा सारांश : एल४-एल५ ला (कमरेचा चौथा आणि पाचवा मणका) उजव्या फॅसेट सांध्यातून निघालेली ९ × ७ मि.मी.ची सायनोव्हियल सिस्ट (सांध्याच्या अस्तराची गाठ), उजवी एल५ नस दबलेली, दोन्ही फॅसेट सांध्यांत पाणी, एल४ मणका एल५ वर ग्रेड १ (सर्वांत कमी पायरीचा) सरकलेला.

मधुमेह आहे (एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.४), बीपी आहे. गोळ्या : मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन (मधुमेहाच्या), टेल्मिसार्टन (बीपीची), अ‍ॅस्पिरिन ७५, रात्री प्रीगॅबालिन ७५ (नसेच्या दुखण्याची).

एक सर्जन म्हणतात नुसती गाठ काढू. दुसरे म्हणतात मणका सरकलाय, चार स्क्रू टाकावे लागतील. निर्णय कोणत्या गोष्टींवर घ्यायचा, हे जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

पाठराखण
ताई, आधी घाईची लक्षणं बघून घ्या, कारण ती असतील तर बाकी चर्चेला वेळच नाही. लघवी अडकते का, किंवा लागल्याचं कळत नाही का? शौचावरचा ताबा गेलाय का? सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आलाय का? दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होतेय का? यातलं एकही 'हो' असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता इमर्जन्सीत जायचं. तिथे लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरली ते सोनोग्राफीवर मोजतात. २०० मि.ली.च्या वर उरत असेल तर मामला गंभीर. अशा वेळी शस्त्रक्रिया तासांच्या हिशोबात करतात.

तसं काही नसेल तर पायाची ताकद मोजा. घरी तीन गोष्टी करता येतात.

त्यांना उताणं झोपवा. दोन्ही पायांचे अंगठे स्वतःकडे खेचून धरायला सांगा आणि तुमच्या दोन बोटांनी खाली दाबा. डावा अंगठा दबत नाही आणि उजवा सहज दबतो, तर एल५ नस कमजोर झाली आहे. मग भिंतीजवळ आधाराला कुणीतरी उभं राहून टाचांवर दहा पावलं चालवा. उजव्या पावलाचा चवडा खाली पडतोय का ते बघा. शेवटी उजव्या पायावर एकट्याने उभं करा. डावा कुल्ला खाली झुकला तर उजव्या कुल्ल्याचे एल५चे स्नायूही ढिले पडलेत.

ही तिसरी चाचणी बरेचजण गाळतात. पाऊल पडण्याचं कारण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दबलेली पेरोनियल नसही असू शकतं. तिथे नस दबली असेल तर कुल्ल्याची ताकद शाबूत राहते आणि पाऊल आतल्या बाजूला वळवण्याची ताकदही शाबूत राहते. एल५ दबली असेल तर दोन्ही कमी होतात. मणक्यात गाठ दिसतेय म्हणून प्रत्येक लक्षण तिच्याच माथी मारलं तर ऑपरेशन होतं आणि पाऊल तसंच राहतं.

काळी_फिल्म
रेडिओलॉजीच्या बाजूने लिहितो.

या गाठीचं मूळ फॅसेट सांध्यात असतं. दोन मणके मागच्या बाजूला ज्या दोन छोट्या सांध्यांनी जोडलेले असतात, ते फॅसेट. सांधा झिजतो, त्यात पाणी धरतं, अस्तराचा फुगा होऊन तो नसांच्या पोकळीत डोकावतो. एल४-एल५ ला हे सर्वांत जास्त होतं, कारण कमरेतली सर्वांत जास्त हालचाल तिथेच आणि मणका सरकतोही बहुधा तिथेच. म्हणजे गाठ हा त्या सांध्याच्या आजाराचा एक भाग आहे. दोन सर्जनांच्या मतभेदाचं मूळही इथेच आहे.

फिल्म हातात घ्या. आडवे काप असलेल्या टी२ चित्रांत (यांत पाणी पांढरं दिसतं) एल४-एल५ चा काप शोधा. नसांची पिशवी मधोमध पांढरी दिसेल. तिच्या मागच्या-बाजूच्या कोपऱ्यात, सांध्याला चिकटून, काळ्या किनारीचा गोल दिसेल. आतला भाग पांढराशुभ्र असेल तर आत पातळ पाणी आहे. आत काळपट असेल तर जेलीसारखा घट्ट माल, जुनं रक्त किंवा कॅल्शियम. हा रंग पुढे इंजेक्शनचा विचार करताना उपयोगी पडतो. कॅल्शियमची शंका असेल तर त्या एका लेव्हलचा साधा सीटी पुरेसा होतो.

आता महत्त्वाचं. एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर सरकलेला मणका बऱ्याचदा जागेवर येतो, आणि मधे जी फट पडते तिथे पाणी भरतं. फॅसेटमधलं पाणी दीड मि.मी.पेक्षा जाड दिसत असेल तर उभं राहिल्यावर मणका जास्त सरकत असण्याची शंका घ्यावी. रिपोर्टमध्ये 'दोन्ही फॅसेटमध्ये पाणी' लिहिलंय, म्हणून उभ्याने काढलेले कमरेचे एक्स-रे हवेतच : सरळ, पुढे वाकून आणि मागे झुकून. हे एक्स-रे नसताना स्क्रू हवेत किंवा नकोत असं ठामपणे सांगणं अवघड आहे.

त्याच एक्स-रेवर मणके मोजूनही घ्या. काही जणांत एल५ सेक्रमला (माकडहाडाच्या वरचं हाड) जोडलेला असतो, काहींत सेक्रमचा पहिला मणका, एस१, सुटा असतो. मग एमआरआय वाचणारा एका मणक्याला एल४ म्हणतो आणि ऑपरेशन करणारा दुसऱ्याला. चुकीच्या लेव्हलला ऑपरेशन होण्याचं हे ठळक कारण आहे. रिपोर्टमध्ये 'ट्रान्झिशनल व्हर्टिब्रा' असा शब्द असेल तर सर्जनला तो बोट ठेवून दाखवा.

मज्जारज्जू
काळी_फिल्म यांच्याशी पूर्ण सहमत. क्रम सांगतो.

पहिला प्रश्न, दुखणं आणि गाठ जुळतात का? एल४-एल५ मधली उजवी गाठ उजवी एल५ नस दाबते आणि एल५ चं दुखणं पावलाच्या वरच्या भागात, अंगठ्यात येतं. इथे जुळतंय. दुखणं फक्त कमरेत असतं किंवा दोन्ही तळव्यांत सारखी जळजळ असती, तर गाठ कितीही मोठी असली तरी मी हात आखडता घेतला असता. दोन्ही तळव्यांची जळजळ मधुमेहाची असते, जांघेतलं दुखणं खुब्याच्या सांध्याचं असू शकतं.

चालताना थांबावं लागतं याचं दुसरं कारण पायाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा. मधुमेहात तो तपासलाच पाहिजे. नस दबलेली व्यक्ती खाली बसली किंवा ट्रॉलीवर वाकून चालली की बरं वाटतं. रक्तवाहिनीवाल्याला नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो. पावलावरची नाडी दोन्हीकडे लागते का, हे एका मिनिटात कळतं.

दुसरा प्रश्न, ताकद किती आहे? ताकद ० ते ५ मध्ये लिहितात. ५ म्हणजे पूर्ण. ४ असेल आणि घसरत नसेल तर थांबायला जागा आहे. ३ किंवा त्याखाली असेल, किंवा पंधरा दिवसांत ५ ची ४ आणि ४ ची ३ होत असेल, तर वाट बघू नये. दुखणं उशिरा केलेल्या ऑपरेशननेही जातं, गेलेली ताकद मात्र परत येईलच असं नाही.

तिसरा प्रश्न, सांधा स्थिर आहे का? वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेत मणका ३-४ मि.मी.पेक्षा जास्त पुढे-मागे होत असेल, किंवा कोन १० अंशांपेक्षा जास्त बदलत असेल, तर तो अस्थिर मानतात. शिवाय विचारा : कमरेचं दुखणं पायापेक्षा जास्त आहे का, कूस बदलताना, उठताना कमरेत चमक भरते का?

गाठ ९ मि.मी. की १२, यावर यातलं काहीच ठरत नाही. रिपोर्टमधला सर्वांत लक्ष वेधणारा आकडा तोच असतो, आणि निर्णयात त्याचं वजन सर्वांत कमी.

इंद्रायणीकाठ
खूप मदत होते आहे. लघवी-शौचाचं काही नाही. अंगठा उजवा थोडा दबतो, टाचांवर चालता येतं. कुल्ला झुकत नाही. इंजेक्शनने गाठ फोडतात असं वाचलं, ते करून बघावं का?

काळी_फिल्म
करता येतं. पोटावर झोपवून सी-आर्म (टेबलाजवळचं एक्स-रे यंत्र) किंवा सीटीखाली बारीक सुई फॅसेट सांध्यात घालतात. थोडा कॉन्ट्रास्ट (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडून तो गाठीत उतरतोय का बघतात. मग भूल देणारं औषध आणि स्टिरॉइड दाबाने सोडतात. या सांध्यात एक-दोन मि.ली.च मावतं. पिचकारीचा दांडा घट्ट लागत जातो आणि एका क्षणी एकदम सैल होतो. गाठ फुटली ती त्या क्षणी. त्या वेळी पायात जोराची कळ जाते, हे रुग्णाला आधी सांगून ठेवावं म्हणजे ते दचकून हलत नाहीत.

टी२ वर पांढरीशुभ्र गाठ फुटण्याची शक्यता जास्त, काळपट किंवा कॅल्शियमवाली सहसा दाद देत नाही. फुटली तरी सांधा तोच राहतो, त्यामुळे गाठ पुन्हा भरू शकते. ढोबळमानाने निम्म्या लोकांना पुढे ऑपरेशन लागतंच. उरलेल्या निम्म्यांचं टळतं, म्हणून ताकद शाबूत असेल तर हा प्रयत्न वाया जात नाही.

सासूबाईंच्या बाबतीत दोन गोष्टी आड येतात. स्टिरॉइडने साखर चार-पाच दिवस चांगलीच चढते, ८.४ वाल्यांची तर नक्कीच. त्या दिवसांत घरी दिवसातून तीन वेळा तपासा. दुसरं, इंजेक्शननंतर महिन्याच्या आत ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणजे इंजेक्शन घेतलं की त्याला वेळ द्यायची तयारी हवी. 'आज इंजेक्शन, नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात ऑपरेशन' असा बेत आखू नये.

शेवंतीची_वेणी
धाग्यात घुसते, माफ करा. माझ्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये 'एस२ ला टार्लोव्ह सिस्ट, १.१ सेंमी' आहे. ती पण अशीच काढतात का?

मज्जारज्जू
नाही. नाव सिस्टच असलं तरी गोष्ट निराळी आहे. टार्लोव्ह सिस्ट नसेच्या आवरणातच होते, बहुधा सेक्रममध्ये एस२-एस३ ला. १९३८ साली इसाडोर टार्लोव्ह यांनी तिचं वर्णन केलं. तिच्यात मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी असतं आणि तिच्या भिंतीतच नसेचे तंतू असतात. ती कापून काढली तर नसच कापली जाते. म्हणून ऑपरेशन करायचंच झालं तर ती उघडतात, पाणी काढतात, भिंत घडी घालून शिवतात, वर चरबी किंवा स्नायूचा तुकडा ठेवतात. मुख्य धोका पाणी गळत राहण्याचा.

सुईने नुसतं पाणी ओढलं तर काही आठवड्यांत-महिन्यांत ती पुन्हा भरते. म्हणून काही ठिकाणी पाणी ओढून फायब्रिन ग्लू (रक्तातल्या प्रथिनाचा डिंक) भरतात.

बहुसंख्य टार्लोव्ह सिस्ट निरुपद्रवी असतात, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये दिसतात. दीड सेंमीपेक्षा लहान गाठीला दुखण्याचं कारण मानण्याआधी बाकीची कारणं नीट तपासावीत. बहिणीला बसल्यावर माकडहाडात दुखणं, आडवं झाल्यावर आराम, खोकल्यावर कळ, जननेंद्रियाच्या भागात बधिरपणा किंवा लघवीची तक्रार असं काही आहे का? असेल तर वेगळा धागा काढा, सविस्तर बोलू. नसेल तर गाठ तशीच ठेवायची.

इंद्रायणीकाठ
एक्स-रे झाले. रेडिओलॉजिस्टनी लिहिलंय : पुढे वाकल्यावर ७ मि.मी. सरकलेला, मागे झुकल्यावर ५ मि.मी. कोनातला फरक ४ अंश. पायाचं दुखणं कमरेपेक्षा कितीतरी जास्त आहे, कंबर सकाळी थोडी धरते एवढंच. गाठ टी२ वर मधोमध काळपट आहे. मणके पाचच, जोडलेला वगैरे नाही. पायाची नाडी दोन्हीकडे चांगली लागते. सर्जननी अंगठ्याची ताकद ४ लिहिली.

मज्जारज्जू
म्हणजे हालचाल २ मि.मी.ची. मणका सरकलेला आहे, पण स्थिर आहे. दुखणं पायाचं आहे. गाठ काळपट, म्हणजे इंजेक्शनला फारसं यश येणार नाही. चार महिने औषधं आणि व्यायाम झाले, ताकद ४. हे चित्र असताना स्क्रू न टाकता गाठ काढणं हा पहिला पर्याय म्हणून योग्य वाटतो.

यामागे अभ्यास आहेत. सरकलेल्या मणक्यात नुसती जागा मोकळी करावी की सोबत स्क्रूही टाकावेत, यावर २०१६ साली स्वीडन आणि अमेरिकेतून दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. स्वीडनच्या चाचणीत स्क्रूचा वाढीव फायदा दिसला नाही, अमेरिकेच्या लहान चाचणीत थोडा दिसला. २०२१ च्या नॉर्वेच्या चाचणीत दोन वर्षांनी दोन्ही गट जवळपास बरोबरीत राहिले : सुधारलेले साधारण ७१ आणि ७३ टक्के. या चाचण्या मुख्यतः नसांचा मार्ग अरुंद झालेल्या रुग्णांवरच्या आहेत, गाठीसाठी खास नाहीत, पण सांध्याचा प्रश्न तोच आहे.

ज्यांनी स्क्रू सुचवले त्यांचंही कारण समजून घ्या. नुसती गाठ काढली तर ती थोड्या लोकांत परत येते, मणका पुढे आणखी सरकू शकतो, आणि मग दुसरं ऑपरेशन. स्क्रूने सांधा बांधला की त्या जागी गाठ परत यायचा प्रश्नच जवळपास मिटतो. मात्र त्यासाठी चार स्क्रू, दोन रॉड, एक केज (मणक्यांमध्ये बसवायचा ठोकळा), जास्त रक्तस्राव, जास्त वेळ, आणि वरच्या मणक्यावर वाढणारा ताण. ६६ व्या वर्षी हाडं ठिसूळ असतील तर स्क्रू सैल होतात. म्हणून स्क्रूचा निर्णय झालाच तर आधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या, टी-स्कोअर उणे २.५ किंवा खाली असेल तर त्याचे उपचार आधी. तंबाखू आणि मिश्रीचं स्पष्ट विचारा. घरातल्या मोठ्या बायका मिश्री लावतात आणि 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला मनापासून 'नाही' म्हणतात. निकोटिनने हाड जुळत नाही.

पाठराखण
सर, गाठ काढताना नेमकी अडचण कुठे येते ते लिहाल का? लोकांना वाटतं फोड काढण्यासारखं आहे.

मज्जारज्जू
लिहितो, कारण संमतीपत्रावर सही करताना हे माहीत असावं.

मागून दोन-तीन सेंमीचा छेद. सी-आर्मवर लेव्हल पक्की करायची, हाड काढण्याआधी पुन्हा एकदा. वरच्या मणक्याच्या कमानीचा थोडा भाग ड्रिलने काढला की पिवळं लिगामेंट दिसतं, आणि त्यात गुंतलेली करड्या-निळसर रंगाची गाठ. खाली ड्युरा, म्हणजे नसांची पिशवी. गाठ आणि ड्युरा कित्येकदा एकमेकांना असे चिकटलेले असतात, जसा ओला कागद काचेला. म्हणून मधून सुरुवात करत नाहीत. गाठीच्या वर आणि खाली, जिथे ड्युरा निरोगी आहे, तिथून बोथट हत्याराने पदर शोधत आत यायचं. गाठ आधी टोचून रिकामी केली तर सैल होते. शेवटचा दोन-तीन मि.मी.चा तुकडा सुटतच नसेल तर तो ड्युरावर तसाच ठेवावा. दाब गेला की नस मोकळी झाली. 'पूर्ण काढलीच' या हट्टापायी ड्युरा फाटतो.

फाटलाच तर तिथेच बारीक टाका घालून वर ग्लू लावतात, एक-दोन दिवस सपाट झोपवून ठेवतात. नीट शिवला तर शेवटच्या निकालात फार फरक पडत नाही. घरी आल्यावर उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं, किंवा ड्रेसिंग पाण्यासारख्या द्रवाने भिजतं, तर लगेच कळवा.

दुसरी गोष्ट फॅसेटची. गाठीपर्यंत पोहोचताना त्या बाजूचा सांधा अर्ध्यापेक्षा जास्त कापला गेला तर आज स्थिर असलेला मणका उद्या अस्थिर होतो. म्हणून काही सर्जन डाव्या बाजूने शिरून मधल्या हाडाखालून उजवीकडे जातात, सांधा शाबूत राहतो. तुमच्या सर्जनना हाच प्रश्न विचारा : 'उजवा फॅसेट किती वाचेल?' उत्तर कसं देतात त्यावरून बरंच कळेल.

गुंगी_आणि_जाग
भूल देण्याच्या बाजूने, कारण गोळ्यांची यादी बघून राहवलं नाही.

डापाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद हवी. ही गोळी चालू असताना उपास आणि ऑपरेशन झालं तर साखर फार न चढताही रक्तात कीटोन वाढून आम्ल होतं. साखर बरी दिसते म्हणून कुणाला शंका येत नाही. बदली औषध काय, ते फिजिशियन ठरवतील. मेटफॉर्मिन त्या सकाळी नको. टेल्मिसार्टन आदल्या दिवसापासून साधारणपणे थांबवतात, नाहीतर भूल दिल्यावर बीपी कोसळतं. अ‍ॅस्पिरिन कशासाठी चालू आहे ते महत्त्वाचं : हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. नुसती 'खबरदारी' म्हणून असेल तर सर्जन बहुधा पाच ते सात दिवस आधी थांबवतील.

एचबीए१सी ८.४ आहे. ताकद ४ वर टिकून आहे, तर सहा-आठ आठवडे घेऊन तो साडेसातच्या आसपास आणा. जखम पिकण्याचा धोका कमी होतो. ताकद घसरली तर मात्र यासाठी थांबू नका, इन्सुलिनवर साखर सांभाळून करता येतं.

दुखण्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून घेत असतील तर थांबवा. टेल्मिसार्टन, मधुमेह आणि ही गोळी एकत्र आली की किडनीवर येतं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघूनच प्रीगॅबालिनचा डोस वाढवायचा. आणि तो स्वतःहून एकदम बंद करायचा नाही.

उपाशी राहायचं म्हणजे : हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा खाण्यात धरतात. पहाटेच्या कपभर चहामुळे केस पुढे ढकलावी लागते.

पाठराखण
ऑपरेशननंतरचं थोडक्यात. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उभं करतात. उठताना आधी कुशीवर वळायचं, खांदा आणि कंबर एकाच वेळी, मग पाय खाली सोडत हाताच्या जोरावर बसायचं. सहा आठवडे मांडी घालून बसणं, भारतीय संडास, जमिनीवरची कामं बंद. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. तीन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही. भरलेली बादली पंधरा किलोची असते आणि पाण्याने भरलेला कुकरही मर्यादेबाहेर जातो, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. चालणं मात्र रोज, पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांपासून.

पायाची कळ बहुतेकदा लगेच कमी होते. बधिरपणा महिनोन् महिने रेंगाळतो आणि अंगठ्याची ताकद सर्वांत शेवटी येते. कमरेचं सकाळचं धरणं राहू शकतं. हे आधी कळलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात घरात सगळे हवालदिल होतात.

इंद्रायणीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रूशिवाय करणाऱ्या सर्जनकडे जातो आहोत. विम्याचं काय बघावं?

काळी_फिल्म
पॉलिसीत मणक्याच्या आजारांना दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ आहे का ते आधी वाचा, बऱ्याच पॉलिसींत असतो. कॅशलेसच्या अर्जाबरोबर एमआरआय रिपोर्ट, उभ्याचे एक्स-रे, ताकद ४ लिहिलेला तपासणी कागद आणि चार महिन्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या जोडा. 'आधी साधे उपचार केले का' हाच प्रश्न येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून हे पॅकेज तिथे मंजूर आहे का ते भरतीच्या आधी विचारा.

मज्जारज्जू
आणि एक. ऑपरेशनच्या तारखेपर्यंत दर रविवारी अंगठ्याची तीच चाचणी करा, शक्यतो एकाच माणसाने, आणि वहीत लिहा. डाव्यापेक्षा किती दबतो एवढंच. आधीच्या रविवारपेक्षा जास्त दबला, किंवा एका रात्रीत दुखणं दुप्पट झालं, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा साखरेसाठी घेतलेले आठवडे विसरायचे आणि त्याच दिवशी फोन करायचा.